मंडपातला अॅम्प
अख्खा रविवार नौपाड्यातल्या घरी सोल्डरिंगच्या धुरात गेला. काकांच्या लाउडस्पीकरच्या धंद्यातला जुना व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अॅम्प्लिफायर गिटारसाठी बदलतोय. फिल्टर कपॅसिटर फुगलेले, ते आधी बदलले. मग थेट प्लगात न घालता सिरीजमध्ये १०० वॅटचा पिवळा बल्ब, आत शॉर्ट असेल तर तो भगभगीत पेटलेलाच राहतो. तो भक्कन पेटला आणि हळूहळू मंदावला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. (बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट दबा धरून असतात, डिस्चार्ज केल्याशिवाय हात घालू नका रे!) माइकच्या इनपुटला १ मेगओहमचा रेझिस्टर, ईसीसी८३ या पहिल्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला (सिग्नल आत शिरतो ती पिन) ६८ किलोओहमचा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला मंडपातल्या लांब वायरींच्या भोंग्यांसाठीच्या १०० व्होल्ट लाइनसोबत साध्या स्पीकरसाठी ८ ओहमचाही टॅप निघाला, नशीब! संध्याकाळी पहिली कॉर्ड छेडली, तर स्वयंपाकघरातून आई, "आरती सुरू झाली का रे?"