लग्नाचं एडिटिंग मशीनकडे देताना: माझा अनुभव

तुळशीची लग्नं लागली, सीझन सुरू झाला, तरी आधीच्या उन्हाळ्यातली सहा लग्नं माझ्याकडे एडिटिंगला पडून होती. कराडात माझा स्टुडिओ आहे. पाटण, उंब्रज, मसूर या पट्ट्यातली लग्नं करतो. हळदीपासून वरातीपर्यंत दोन कॅमेऱ्यांचे मिळून चार हजारांच्या आसपास फोटो होतात. सगळे रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या, मोठ्या फाइलमध्ये, म्हणून शंभर जीबीच्या वर डाटा. त्यातून सातशे-आठशे निवडायचे, सगळ्यांचा रंग-उजेड एकसारखा करायचा, मग अल्बमसाठीचे दीडशे वेगळे काढून चेहरे साफ करायचे. दिवसा शूटिंग, म्हणून हे सगळं रात्री. एके दिवशी उन्हाळ्यातल्या एका नवरीचा फोन आला. "दादा, माझं डोहाळजेवण झालं. अल्बम कधी येईल?" ती चिडली नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. मशीनला जमेल तेवढं काम मशीनकडे द्यायचं, असं तेव्हा ठरवलं.

लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमधले प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेले रंग-उजेडाचे आकडे, मी वर्षानुवर्षं वापरतोय. पण प्रीसेटला फोटो दिसत नाही. दुपारच्या मांडवाला आणि रात्रीच्या लॉनला तो एकच माप लावतो. एआयवाली सॉफ्टवेअरं फोटो बघून प्रत्येकाचे आकडे वेगळे ठरवतात, आणि तेही आपल्या जुन्या कामावरून शिकून. त्यासाठी आपण आधी एडिट केलेले काही हजार फोटो त्यांना द्यावे लागतात. माझी धास्ती इंटरनेटची होती. पण मी घेतलेल्या सॉफ्टवेअरला मूळ रॉ पाठवावे लागत नाहीत, लाइटरूमचे स्मार्ट प्रिव्ह्यू, म्हणजे फोटोच्या लहान प्रती, चालतात. त्यांची लांब बाजू २५६० पिक्सेलची, फाइल छोटी. आणि परत येतात ते फक्त स्लायडरचे, म्हणजे रंग-उजेड कमीजास्त करायच्या पट्ट्यांचे, आकडे. मूळ फोटोला धक्का लागत नाही, पटलं नाही तर आकडा बदलायचा. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच माझं सगळं अडलं.

पहिली चूक माझीच. होता नव्हता तेवढा सगळा जुना कॅटलॉग, म्हणजे एडिट केलेल्या फोटोंचा संग्रह, मी शिकवायला देऊन टाकला. पूर्वी मी रंग फार भडक ठेवायचो, चेहरे नारिंगी व्हायचे. मशीननं ते हुबेहूब उचललं. पहिलं लग्न परत आलं तेव्हा पाच वर्षांपूर्वीचा मी समोर बसल्यासारखं वाटलं. मग अकरा रात्री बसून जुन्या कामातला एकेक फोटो तपासला. शेवटच्या दोन वर्षांतलं, आजही मला मान्य आहे असं कामच ठेवलं आणि त्याचेही तीन गट केले: दिवसाचा उजेड, रात्रीचं लॉन आणि हळद.

हळदीला वेगळा गट का, ते सांगतो. चेहरा पिवळा दिसला की मशीनला तो व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून लावलेल्या रंगाच्या मापाचा, दोष वाटतो आणि ते रंग निळ्याकडे ढकलतं. नवरीच्या गालावरची ओली हळद मातकट झाली, मागची चुन्याची पांढरी भिंत निळसर पडली. आता हळदीला पोचलो की आधी त्याच उजेडात ग्रे कार्डचा, म्हणजे रंग जुळवायच्या राखाडी पुठ्ठ्याचा, एक फोटो घेतो आणि तो आकडा सगळ्या सेटला कुलूप लावल्यासारखा लावतो. उघड्या उन्हात तो ५५०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपास येतो. एक्स्पोजर, म्हणजे उजेड, मशीननं ठरवावं, रंग नाही. गुलाबी कापडाच्या मांडवात दुपारी सगळ्यांच्या तोंडावर गुलाबी छटा येते, तिथं लाइटरूमचा माणसांचा मास्क, म्हणजे फक्त माणसं वेगळी निवडून दुरुस्त करायची सोय, चांगला उपयोगी पडतो. जांभळ्या एलईडी लाइटवर मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरचा इलाज चालत नाही. तिथं जागेवर स्वतःचा फ्लॅश लावणं एवढंच हातात आहे.

फोटो छाटायचं काम मशीन झपाट्यानं करतं. एकसारखे दहा फोटो एकत्र लावतं, हललेले बाजूला काढतं. पण मिटलेले डोळे म्हणजे वाया गेलेला फोटो, एवढंच त्याला माहीत. आपल्या लग्नात डोळे मिटतात तेच खरे क्षण असतात. अक्षता उडतात तेव्हा अर्ध्या मांडवाचे डोळे मिटलेले असतात. कन्यादानाला हातावरून पाण्याची धार सुटते तेव्हा बापाचे डोळे मिटतात. अंतरपाटाआडून दिसणारा अर्धा चेहरा तर मशीनच्या हिशेबात चेहराच नाही. पहिल्याच लग्नात हे सगळे फोटो तळाशी गेले होते. त्या दिवसापासून आपोआप फोटो बाद करणं मी बंद केलं. मशीन फक्त गट लावतं आणि स्टार देतं. मंगलाष्टका, कन्यादान आणि पाठवणी मी स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतो. त्याला दोन तास जातात, ते मी आनंदानं देतो.

खरा घोळ झाला तो चेहरे साफ करण्यात. हे काम आकड्यांचं नाही, पिक्सेलचं आहे. सॉफ्टवेअर डाग शोधतं, पुसतं आणि नवीनच फाइल बनवतं. पहिल्यांदा चालवलं तेव्हा पुटकुळ्या गेल्या, घामाची चमक गेली, मी खूश झालो. गोरेपणाचा स्लायडर आधीच अर्ध्यावर होता, तो मात्र लगेच शून्यावर आणला. सावळ्या नवरीला गोरी करून देणं मी कधीच मानलं नाही, आणि ते मशीनच्या नावावर खपवणार तर अजिबात नाही. दीडशे फोटो पंचवीस मिनिटांत झाले. वरवर नजर टाकली, पानं लावली आणि अल्बम लॅबला पाठवला.

अल्बम घरी पोचला त्या संध्याकाळी नवरीचा फोन. "दादा, आज्जीचं गोंदण कुठं गेलं?"

मी फाइल उघडली. १२ बाय ३६ इंचाचं दुपानी पान, डावीकडं नातीच्या मुंडावळ्या नीट करणारी आजी. मूळ रॉ शेजारी लावला. कपाळावर मधोमध हिरवट तुळस, हनुवटीवर तीन ठिपके, मनगटावर फिकट झालेली अक्षरं. माझ्या फोटोत कपाळ कोरं. हनुवटी कोरी. मनगटावर साबणानं घासल्यासारखा गुळगुळीत पट्टा. अख्ख्या अल्बममध्ये आजी अकरा ठिकाणी होत्या आणि अकराही ठिकाणी गोंदण पुसलेलं. सॉफ्टवेअरच्या लेखी ते डाग होते. सत्तर वर्षं अंगावर वागवलेली खूण मी न बघता पुसून छापायला दिली होती.

रॉ सुरक्षित होते म्हणून निभावलं. सगळी पानं पुन्हा केली, अल्बम स्वतःच्या खर्चानं छापून घेतला आणि द्यायला स्वतः गेलो. आजी सोप्यात बसल्या होत्या. त्यांनी पान डोळ्यांजवळ धरलं, हनुवटीच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे माझ्या आईनं गोंदवून घेतलं. मी एवढीशी होते. लई रडले होते." मी माफी मागितली. त्यांनी चहा ठेवायला सांगितला.

तेव्हापासून पन्नाशीच्या पुढचा एकही चेहरा आपोआप साफ होत नाही. त्यांचं वेगळं फोल्डर आहे, त्याला फक्त रंग-उजेड. बाकीच्यांच्या चेहऱ्यांवर मशीन चालतं, पण जोर तिसऱ्या हिश्शावर ठेवलेला, आणि प्रत्येक फोटो मूळ फोटोशेजारी लावून बघितल्याशिवाय लॅबला जात नाही. ज्या लग्नाला पूर्वी नऊ-दहा रात्री जायच्या ते आता तीनमध्ये होतं, या तपासणीसकट. पडून असलेली सहाही लग्नं संपली.

आमच्याकडे कलर करेक्शन करणारा पोरगा आहे. हे सॉफ्टवेअर आलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. आता शूटिंगला तो वही घेऊन येतो. घरची माणसं जमली की मायेनं विचारून, नीट बघून लिहून घेतो. परवाच्या उंब्रजच्या लग्नाच्या पानावर हळदीच्या दिवशीच त्यानं लिहून ठेवलंय: मोठी आत्या, गालावर देवीचे व्रण, ठेवायचे. आजोबा, भुवईवर टाक्यांची खूण, ठेवायची. नवरी, ओठाखाली तीळ, तिनं स्वतः सांगितलंय, ठेवायचा.