चढाने नाही, सपाटीने बधिर केलं: लांबची सायकल सफर आणि सीटचा हिशेब

निघण्याआधी सगळ्यांना धास्ती होती ती चढाची. प्रत्यक्षात चढाचा दिवस, निदान बैठकीपुरता, सर्वांत सुखाचा गेला. धाप लागली, मांड्या भरून आल्या, पण मुंग्या कुणालाच आल्या नाहीत. रडगाणं सुरू झालं ते पठार लागल्यावर. सरळसोट रस्ता, समोरून वारा, वळण नाही की उतार नाही. तासाभरात एकेक जण सीटवर चुळबुळ करायला लागला आणि पहिल्याच थांब्यावर आमच्यातला सर्वांत दणकट गडी हळूच म्हणाला, "खालचं काही जाणवतच नाहीये रे."

कारण साधं आहे. चढावर पायांचा जोर पेडलवर असतो, त्यामुळे सीटवरचा भार आपोआप हलका होतो, शिवाय माणूस अधूनमधून उभा राहतो. उतारावर खड्डे चुकवताना बूड उचललं जातंच. सपाटीवर मात्र पेडल मऊ चालतं, सगळा भार सीटवर येतो आणि बैठक तासन्‌तास तीच राहते. त्यात वारा आला की आपण हँडलबारवर वाकतो, कटीचं हाड पुढे कलतं आणि जो भार बसायच्या दोन हाडांवर असायला हवा तो मधल्या नाजूक भागावर सरकतो. तिथून प्युडेंडल नस आणि तिच्यासोबतच्या रक्तवाहिन्या जातात. त्या दाबल्या गेल्या की बधिरपणा. स्त्री असो वा पुरुष, दोघांनाही.

इथे एक फरक नीट समजून घ्या. बसायची हाडं दुखणं वेगळं आणि बधिर होणं वेगळं. हाडं दुखत असतील तर बहुधा सवय नाही एवढंच, काही दिवसांत ती सरावतात. बधिरपणाची सवय करून घ्यायची नसते. "होतंच ते, चालायचंच" म्हणणारे अनुभवी लोक भेटतील. त्यांचं ऐकू नका.

आमच्या या गड्याने खास सफरीसाठी जाडजूड जेलचं कव्हर चढवलं होतं. दुकानात अंगठ्याने दाबून बघितलं की अशी सीट मोहात पाडतेच. पण मऊ थरात हाडं खाली रुततात आणि मधला फुगवटा वर येऊन नेमका नको तिथे दाबतो. अर्ध्या तासाच्या फेरीला ती गादी ठीक, दिवसभराला नाही. कव्हर काढून बॅगेत टाकलं तेव्हाच निम्मा त्रास कमी झाला.

उरलेला निम्मा उंचीत होता. त्याच्या मागे राहून पाहिलं तर प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवीकडे झुलत होती. सीट जास्त वर असल्याची ही पक्की खूण. पाय पुरेनासा झाला की माणूस सीटच्या नाकावर, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकावर, घासत पाय खाली पोचवतो. घरच्या घरी तपासायचं तर पेडल सर्वांत खाली आणून त्यावर टाच ठेवा. गुडघा जेमतेम सरळ झाला की उंची साधारण बरोबर, मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात हवा तेवढा वाक राहतो. त्याची सीट आम्ही रस्त्याच्या कडेलाच सेंटिमीटरभर खाली घेतली.

मग कल. सीटवर एक सरळ फळी मागून पुढे, नाकापर्यंत लांबीला ठेवून त्यावर मोबाइलमधलं लेव्हल दाखवणारं ॲप लावा. सुरुवात अगदी सपाट ठेवून करा. नाक वर असेल तर बधिरपणा ठरलेलाच. दाब वाटला तर नाक एक-दोन अंश खाली घ्या, त्याहून फार नको. आमच्यातल्या एकीने उत्साहाने बरंच खाली केलं, तर ती सतत पुढे घसरायला लागली, सगळा भार तळहातांवर आला आणि दुसऱ्या दिवशी करंगळी आणि अनामिका बधिर. तळहाताच्या कडेने जाणारी अल्नर नस दाबली गेल्याचं ते लक्षण. दुखणं खालून वर सरकलं, एवढंच.

नवी सीट घ्यायची असेल तर आधी रुंदी बघा, मऊपणा नंतर. पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा कडक स्टुलावर ठेवा, त्यावर बसा, सायकलवर वाकता तसे पुढे वाका, हातांनी स्टूल वर ओढून बूड दाबा आणि उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. तिरपा उजेड पाडला तर स्पष्ट दिसतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यात साधारण दोन सेंटिमीटर मिळवा, सीटची रुंदी तेवढी हवी. ताठ बसून चालवत असाल तर आणखी थोडं. माणसाच्या आकारमानावरून हे अंतर कळत नाही. सडपातळ माणसाची हाडं रुंद असू शकतात.

मधे खाच असलेल्या सीटने अनेकांना खरंच आराम पडतो, पण काहींना खाचेच्या कडाच टोचतात. तिथे दुसऱ्याच्या शिफारशीचा उपयोग नाही. बिननाकाच्या सीटही असतात. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ऑक्युपेशनल सेफ्टी अँड हेल्थ या संस्थेने सायकलवर गस्त घालणाऱ्या 90 पोलिसांना सहा महिने त्या वापरायला दिल्या. 2008 साली आलेल्या निष्कर्षांत बधिरपणा बराच कमी झाल्याचं दिसलं. तरी माझं मत असं, की सामान लादलेली सायकल उतारावर सांभाळताना मांड्यांना नाकाचा आधार लागतो. आधी रुंदी, उंची आणि कल, तेवढ्याने भागलं नाही तरच तिकडे वळा. आमच्यातल्या एकाकडे ब्रूक्स कंपनीची चामड्याची सीट होती. लाकडासारखी कडक दिसते, पण त्याच्या हाडांच्या जागी तिला खोलगा पडला होता आणि अख्ख्या सफरीत त्याने ब्र काढला नाही. अशी सीट अंगवळणी पडायला शेकडो किलोमीटर जातात, पावसात झाकावी लागते. नवी कोरी घेऊन लांब निघू नका. हे खरं तर कुठल्याही सीटला लागू आहे.

पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही, शिवण घासते. शॉर्ट्स रोज धुवायच्या.

आणि उभं राहा. दर दहा-पंधरा मिनिटांनी, अर्धा मिनिट तरी, मुंग्या यायची वाट न बघता. घड्याळ बघणं जमत नाही, म्हणून आम्ही पाण्याशी जोडून टाकलं: घोट घेतला, बाटली परत लावली की बूड उचलायचं. पठाराच्या उरलेल्या भागात याचा सर्वांत जास्त उपयोग झाला. उतरल्यावर काही मिनिटांत संवेदना परत यायला हवी. दुसऱ्या दिवशीही बधिरपणा राहिला किंवा लघवीला त्रास झाला तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा, लाजू नका.

बदल एका वेळी एकच करा आणि मधे एखादी लांब फेरी मारा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. सगळं जुळलं की सीटपोस्ट, म्हणजे सीटला पेलणारा उभा पाइप, जिथे फ्रेममध्ये शिरतो तिथे टेपचा वेढा द्या आणि सीटखालच्या दांड्यांवरच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा. परतीला सायकल गाडीत भरताना सीट खाली घालावीच लागते.