ओएसपीएफ की आय-एस-आय-एस: आमच्या रिंगसाठी राउटिंग प्रोटोकॉल निवडताना

मी ज्या लहान इंटरनेट सेवा कंपनीत काम करतो, तिची मुख्य फायबर रिंग नाशिकहून सिन्नर, संगमनेर, लोणी, शिर्डी, कोपरगाव, येवला आणि निफाड असा फेरा घेऊन पुन्हा नाशिकला येते. या रिंगवरचे मार्ग अनेक वर्षे स्टॅटिक, म्हणजे प्रत्येक राउटरवर हाताने लिहिलेले होते. रस्तारुंदीकरणाच्या कामात जेसीबीने केबल तोडली, तर त्या लिंकला थेट लागून असलेल्या राउटरला ते कळत असे. पण दोन गावे पलीकडच्या राउटरला त्याचा पत्ताच नसे आणि तो जुन्याच दिशेने वाहतूक पाठवत राही. रिंगची दुसरी बाजू शाबूत असूनही कोणीतरी लॉगिन करून मार्ग बदलेपर्यंत ग्राहकांचे इंटरनेट बंद राही. ही स्थिती बदलण्यासाठी अंतर्गत राउटिंग प्रोटोकॉल, म्हणजे राउटरांनी आपसात बोलून मार्ग आपोआप ठरवण्याची पद्धत, निवडण्याचे काम माझ्याकडे आले. समोर चार पर्याय होते: आरआयपी, ईआयजीआरपी, ओएसपीएफ आणि आय-एस-आय-एस.

आरआयपी लगेच बाद झाला. १९८८ च्या आरएफसी १०५८ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक पद्धतींचा क्रमांकित दस्तऐवज) नोंदवलेला हा प्रोटोकॉल फक्त मधले टप्पे मोजतो, त्यामुळे १ जीबीपीएस आणि १० जीबीपीएस या लिंक त्याच्या लेखी सारख्याच ठरतात. शिवाय गप्प झालेल्या शेजारी राउटरकडून शिकलेला मार्ग तो १८० सेकंद खरा मानत राहतो. ईआयजीआरपी मला मनापासून आवडतो आणि त्याचे वर्णन २०१६ मध्ये आरएफसी ७८६८ म्हणून खुले झाले. तरीही तो प्रामुख्याने सिस्को या कंपनीच्याच उपकरणांवर मिळतो आणि आमच्याकडे वेगवेगळ्या उत्पादकांचे राउटर आहेत.

राहिले ओएसपीएफ आणि आय-एस-आय-एस. दोन्हींत प्रत्येक राउटर संपूर्ण जाळ्याचा एकसारखा नकाशा स्वतःजवळ ठेवतो आणि डायक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने सर्वांत कमी खर्चाचा मार्ग काढतो; इथे खर्च म्हणजे प्रत्येक लिंकला दिलेला आकडा, वेगवान लिंकला तो कमी. लिंकचे खर्च सारखेच लिहिले, तर आमच्यासारख्या साध्या रिंगवर दोघांचे उत्तर एकच येते. आय-एस-आय-एसचे आकर्षण मला दोन कारणांनी वाटत होते. त्याचे संदेश आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या नेहमीच्या पॅकेटांवर, स्वार न होता थेट लिंकवरून जातात, म्हणून दूरवरून आयपी पॅकेट पाठवून त्याला त्रास देणे शक्य नसते. आणि आयपीव्ही४ व आयपीव्ही६ या इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या व नव्या दोन्ही पद्धती तो एकाच नकाशात सामावतो. ओएसपीएफची १९९८ मधली दुसरी आवृत्ती, आरएफसी २३२८, केवळ आयपीव्ही४ पुरती आहे. आयपीव्ही६ साठी तिसरी आवृत्ती वेगळी चालवावी लागते, म्हणजे शेजाऱ्यांच्या याद्या दोन आणि तपासणीही दोनदा.

तरीही निवड ओएसपीएफची झाली. टोकाच्या गावांतील आमच्या स्वस्त राउटरांवर आय-एस-आय-एस उपलब्ध नव्हता आणि ते सर्व एकदम बदलण्याइतका पैसा नव्हता. दुसरे कारण मला तितकेच महत्त्वाचे वाटते: रात्री दोन वाजता फोन ज्यांना जातो, ते आमचे तंत्रज्ञ सीसीएनए या सिस्कोच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या अभ्यासात ओएसपीएफ शिकलेले आहेत. बिघाडाच्या वेळी शेजारी राउटर ‘एक्सस्टार्ट’ अवस्थेत, म्हणजे नकाशाची देवाणघेवाण सुरू होण्याआधीच, अडकला आहे, हे वाचून कारण ओळखणारा माणूस जागेवर असणे हा प्रोटोकॉलचा मोठा गुण आहे, आणि तुलनेच्या तक्त्यांत तो कुठेही लिहिलेला नसतो.

कोणता प्रोटोकॉल यापेक्षा त्याच्यात काय घालायचे, या प्रश्नावर मी अधिक वेळ घालवला. आमचे घरगुती ग्राहक पीपीपीओई सत्राने (वापरकर्तानाव व पासवर्ड देऊन उघडणाऱ्या जोडणीने) जोडले जातात आणि प्रत्येक सत्रामागे एकेका पत्त्याचा मार्ग तयार होतो. एखाद्या गावातील वीज गेली की शेकडो सत्रे एकदम तुटतात आणि वीज आल्यावर एकदम जोडली जातात. हे मार्ग ओएसपीएफमध्ये सोडले असते, तर त्या गावातील प्रत्येक चढउताराची बातमी रिंगवरच्या प्रत्येक राउटरपर्यंत पोहोचली असती आणि सर्वांत लहान राउटरला सर्वांत मोठ्या राउटरइतकाच नकाशा सांभाळावा लागला असता. म्हणून ओएसपीएफमध्ये फक्त राउटरांचे लूपबॅक पत्ते (कोणत्याही एका लिंकला न बांधलेला राउटरचा स्वतःचा पत्ता) आणि त्यांना जोडणाऱ्या लिंक ठेवल्या. ग्राहकांचे पत्ते गावागणिक एकत्र बांधून अंतर्गत बीजीपीत, म्हणजे मोठ्या संख्येने मार्ग वाहणाऱ्या दुसऱ्या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये, घातले आणि त्यासाठी नाशिक व शिर्डी येथे रूट रिफ्लेक्टर, म्हणजे एकाकडून आलेले मार्ग इतरांना पुढे कळवणारे राउटर, ठेवले. नकाशा इतका लहान झाल्यावर एरिया, म्हणजे जाळ्याचे स्वतंत्र नकाशे असलेले भाग, पाडण्याची गरज उरली नाही. सगळी रिंग एरिया शून्यातच आहे.

ही मांडणी आधी आभासी यंत्रांवर एफआरराउटिंग हे राउटिंगचे मुक्त सॉफ्टवेअर चालवून आणि नंतर टेबलावर मांडलेल्या खऱ्या राउटरांवर तपासली. भाड्याने घेतलेल्या एका लिंकच्या दोन टोकांना एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) वेगवेगळा होता आणि त्यामुळे शेजार पूर्ण जुळत नव्हता, हे चाचणीतच समोर आले. काही राउटर १०० एमबीपीएस या संदर्भवेगाला लिंकच्या वेगाने भागून (किमान १ धरून) खर्च काढतात, त्यामुळे १ आणि १० जीबीपीएसच्या लिंकचा खर्च सारखाच, म्हणजे १ येतो. सर्व राउटरांवर संदर्भवेग १०० जीबीपीएस केल्यावर तो फरक दिसू लागला. लिंक पॉइंट-टू-पॉइंट म्हणून जाहीर केल्या, जेणेकरून दोनच राउटर असलेल्या लिंकवर निष्कारण डीआरची (लिंकवरच्या सर्वांच्या वतीने बोलणाऱ्या प्रमुख राउटरची) निवडणूक होऊ नये. ओएसपीएफच्या नेहमीच्या मांडणीत शेजारी गेल्याचे ठरायला ४० सेकंद लागतात, म्हणून रिंगवर बीएफडी जोडला; ही लिंक चालू आहे का हे सतत तपासणारी यंत्रणा दर ३०० मिलिसेकंदांनी येणारे तीन संदेश हुकले की निर्णय घेते.

प्रत्यक्ष बदल करताना स्टॅटिक मार्गांना आधी हात लावला नाही. त्यांचे प्रशासकीय अंतर (एकाच ठिकाणच्या दोन मार्गांत पसंती ठरवणारा आकडा; लहान आकडा जिंकतो) १ आणि ओएसपीएफचे ११० असल्याने ओएसपीएफ खाली शांतपणे चालू राहिला, आणि त्याचा नकाशा व प्रत्येक लूपबॅकचा मार्ग आम्हाला निवांत ताडून पाहता आला. मग रात्रीच्या वेळी एकेका राउटरवर स्टॅटिक मार्गांचे अंतर २०० केले. काही बिनसलेच असते, तर तो एक आकडा मागे घेणे पुरेसे होते. सगळे स्थिर झाल्यावर ते मार्ग काढून टाकले, कारण बिघाडात असे जुने मार्ग जागे झाले, तर वाहतूक दोन राउटरांमध्येच फिरत राहू शकते.

टोकाचे राउटर पुढे बदलले जातील, तेव्हा आय-एस-आय-एसचा प्रस्ताव मी पुन्हा मांडणार आहे, कारण ओएसपीएफच्या दोन आवृत्त्या समांतर सांभाळण्याचे काम कायमचे आहे. बीजीपीची सत्रे लूपबॅक पत्त्यांवर उभी असल्याने त्या बदलात ग्राहकांचे मार्ग जागचे हलवावे लागणार नाहीत.