‘अजून ग्रीन कार्ड नाही झालं?’ नाही झालं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

लग्नात विचारतात, बारशाला विचारतात, शाळेच्या ग्रुपवर तर दर दिवाळीला कोणीतरी विचारतंच, अगं अजून ग्रीन कार्ड नाही झालं? अमेरिकेला जाऊन बारा वर्षं झाली ना? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न, एवढा ताप आहे तर मग परत का येत नाहीस. इतकी वर्षं मी "होईल हो" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहिते, पुढे कोणी विचारलं की हेच फॉरवर्ड करणार.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे आणि कोणाला पटत नाही. माझा अर्ज रिजेक्ट नाहीये, वकील वाईट नाहीये, कागद कमी नाहीत. आय-१४०, म्हणजे कंपनीने माझ्यासाठी भरलेला अर्ज, तो तर २०१५ मध्येच अप्रूव्ह झालाय. पण नोकरीवाल्यांना वर्षाला साधारण १ लाख ४० हजार कार्डं, त्यात बायकापोरं पण मोजायची, आणि एका देशाला सात टक्क्यांच्या आसपास, हे सगळं १९९० च्या कायद्यातलं. आइसलंडला सात टक्के आणि आपल्यालाही सातच. बरं मोजतात जन्म कुठला ते, पासपोर्ट कुठला ते नाही. माझ्या टीममधली एक तमिळ मुलगी, वडील मस्कतला नोकरीला म्हणून तिथे जन्मली, तिचं दोन वर्षांत झालं. मी जन्मले साताऱ्यात. आईला एकदा म्हटलं पण, बाळंतपणाला जरा लांब जायचंस.

माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत उभं राहिल्याची तारीख, मार्च २०१५. बाबा एसटीत हेडक्लार्क होते, त्यांना वेळापत्रकाचा नाद. रांग कुठल्या तारखेपर्यंत आली हे सांगणारं दर महिन्याचं सरकारी बुलेटिन आलं की मी तारीख सांगायची आणि ते कालनिर्णयाच्या पानावर दुधाच्या हिशोबाशेजारी पेन्सिलीने लिहायचे. सप्टेंबर २०२२ च्या पानावर लिहिलंय १ डिसेंबर २०१४, खाली दोन रेघा. फोनवर म्हणाले, साडेतीनच महिने राहिले की गं. कसले साडेतीन महिने, पुढच्याच महिन्यात तारीख मागे गेली आणि डिसेंबरात तर थेट ऑक्टोबर २०११ वर. गाडी लेट होते हे त्यांना माहीत होतं, पण पुण्यापर्यंत आलेली गाडी रिव्हर्समध्ये कोल्हापूरला कशी जाते हे मला काही त्यांना समजावता आलं नाही. त्यानंतर त्यांनी लिहिणं सोडलं. २०२३ मध्ये ते गेले. तेव्हा मी कशी आले, किती दिवसांनी आले ते वेगळं पुराण आहे, ते नको.

त्यांची तिथी अमावस्या, म्हणून सर्वपित्रीलाच त्यांचं पान. मला भाऊ नाही, मीच करते. गुरुजींनी पहिल्यांदा जरा तोंड वाकडं केलं होतं, आता करत नाहीत. २०२५ ला सर्वपित्री २१ सप्टेंबरची, रविवार, म्हणून मुलांना आणि नवऱ्याला तिकडे ठेवून एकटीच आले. भाजणी दळून आली होती, गवार-भोपळा आणून झाला होता.

शनिवारी पहाटे साडेपाचला फोन वाजायला लागला. कंपनीच्या वकिलाचा मेल, एच-वनवाले, म्हणजे माझ्यासारखे नोकरीच्या व्हिसावरचे, जे देशाबाहेर असतील त्यांनी रात्री १२ वाजून १ मिनिटाच्या आत अमेरिकेत पाऊल ठेवा. नाहीतर १ लाख डॉलर. अध्यक्षांनी शुक्रवारी सही केलेली, सोबतचा मंत्री म्हणतोय दरवर्षी भरायचे, कोणी म्हणतंय एकदाच, आमच्या ग्रुपवर शंभर मेसेज आणि प्रत्येक जण दुसऱ्याला विचारतोय, तुला काय कळलं. तिकडचे १२ म्हणजे आपल्याकडचे रविवार सकाळचे साडेनऊ. हिशोब केला. मुंबईहून दुपारी १ वाजून १० मिनिटांनी सुटणारं, दुबईमार्गे, पोचणार रात्री ११ वाजून १० मिनिटांनी. एकेरी २ लाख ६० हजार. बुकिंगचं पान रिफ्रेश केलं तर तेवढ्यात आठ हजारांनी वाढलं होतं.

आई दारात उभी होती. काय झालं विचारलं नाही तिने. मी बॅग भरत होते, कपडे कोंबत होते, ती म्हणाली, "मग वडे किती जणांचे करू?"

म्हटलं, माझे नको धरूस.

खंडाळ्याला ट्रॅफिक लागला तेव्हा मी ड्रायव्हरवर ओरडले, वडिलांच्या वयाचा माणूस होता तो. विमानात शेजारी हैदराबादचा एक मुलगा, स्वतःचं लग्न आठवड्यावर असताना निघालेला. आम्ही दोघं काही बोललो नाही.

उतरल्यावर फोन चालू केला तर खुलासा येऊन चार-सहा तास झालेले. हे फक्त नवीन अर्जांना आहे, ज्यांच्याकडे आधीचा व्हिसा आहे त्यांना नाही, ते येऊ-जाऊ शकतात. म्हणजे मी साताऱ्यात झोपून राहिले असते तरी चाललं असतं.

पहाटे तीनला स्वयंपाकघरात बसून व्हिडिओ कॉलवर बघितलं. माझ्या जागी चुलतभाऊ बसला होता. गच्चीवर पान ठेवलं आणि कावळा लगेच शिवला. सगळ्यांना बरं वाटलं. मला वाटलं होतं, जरा तरी थांबेल.

आता दुसरा प्रश्न, परत का येत नाहीस. याची माझी उत्तरं पाठ आहेत. मुलाची शाळा, घराचं कर्ज, नवऱ्याचं वर्क परमिट माझ्याच अर्जाला लटकलेलं. मुलगा चौदाचा, जन्म पुण्याचा, २१ पूर्ण झाले की तो माझ्या अर्जातून बाहेर पडू शकतो, धाकटी मात्र इथली सिटिझन. २०१५ ची मी म्हणायची, दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे, मग ठरवू. तिला आता सांगावंसं वाटतं, बाई तू तेव्हाच ठरवलं होतंस, फक्त तोंडाने म्हणाली नाहीस. पण ती तरी काय चुकली, तेव्हा सगळेच तसं म्हणत होते.

आणि आमच्यावर अन्याय होतो असं पूर्वी जोरात म्हणायचे, तेवढं आता म्हणवत नाही. सात टक्के काढा म्हणून मी स्वतः फोन केलेत. २०१९ ला ते बिल अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहात, हाउसमध्ये, ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं, २०२० च्या शेवटी सिनेटने वेगळंच रूप पास केलं, दोघांचं जुळेपर्यंत मुदत संपली. तेव्हा ऑफिसातली एक इराणी बाई मला म्हणाली, म्हणजे तुमची रांग हलावी म्हणून आम्ही तुमच्या मागे येऊन उभं राहायचं? मी म्हटलं, आम्ही आधी आलोय. बरोबर होतं का ते? आधी आलो हे खरं आहे. पण तिच्या देशातून येणारे कमी, हा काही तिचा गुन्हा नाही.

त्या शनिवारी मला कोणी ओढत नेलं नव्हतं हेही आहेच. मीच धावले. मेल वाचल्यापासून बॅग भरेपर्यंत वीस मिनिटं लागली असतील, आणि त्यात एकदाही डोक्यात आलं नाही की राहू दे, नाही गेलो तर काय होईल. परवडत नाही, जमत नाही, मुलं तिकडे आहेत, हे सगळं नंतर गाडीत सुचलं.

दसऱ्याला ग्रुपवर कोणीतरी परत विचारलं, काय गं, कार्डाचं कुठवर आलं?

प्रोसेस चालू आहे, असं टाकलं, आणि पुढे सोन्याची पानं.