उसासे टाकणारा

रविवार, रात्रीचे साडेअकरा

गिलेर्मो देल तोरोचा 'द डेव्हिल्स बॅकबोन' आज तिसऱ्यांदा पाहिला. सिनेमा २००१चा, गोष्ट १९३९ची. स्पेनमधलं यादवी युद्ध संपत आलंय. उजाड माळावर एक अनाथाश्रम, आणि त्याच्या चौकात नाक जमिनीत खुपसून उभा असलेला, न फुटलेला बॉम्ब. तळघरात पाण्याचा हौद आहे. सांती नावाचा मुलगा त्यात बुडालाय. त्याचं भूत दिसतं तेव्हा कपाळाच्या जखमेतलं रक्त खाली ओघळत नाही, पाण्यात सोडलेल्या रंगासारखं वर वर तरंगत जातं. मेल्यावरही पोरगं त्या हौदातून बाहेर आलेलंच नाही, हे तेवढ्यावरूनच कळतं. बाकीची मुलं त्याला 'उसासे टाकणारा' म्हणतात.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा या भुताची भीती वाटली होती. आज माझं सगळं लक्ष जाइमेकडे होतं. हा मुलांमधला दांडगोबा, नव्या कार्लोसला छळणारा. पण सांतीचं काय झालं ते यानेच पाहिलेलं. तिथला नोकर खासिंतो, जो स्वतः त्याच आश्रमात वाढला, त्याने ते केलं आणि जाइमे लपून राहिला. भीतीने तोंड शिवल्यासारखा गप्प.

मी सातवीत वसतिगृहात होते. अंथरूण ओलं झालं की त्या मुलीला गादी डोक्यावर देऊन प्रार्थनेला उभं करायचे. माझ्या शेजारच्या कॉटवरची मुलगी. गादीतलं पाणी मानेवरून तिच्या फ्रॉकच्या आत उतरायचं आणि ती डोळे मिटून प्रार्थना म्हणत राहायची. ओळीत आम्ही चाळीसेक जणी, पण कुणी हूं की चूं केलं नाही. उलट तिचं नावच 'ओली' पडलं. मीही तशीच हाक मारायचे. घरच्या पत्रात 'मी मजेत आहे' लिहायचे, कारण पत्रं आधी बाई वाचायच्या. पण सुट्टीत आईने समोर बसवून विचारलं तेव्हा तर कुणी वाचत नव्हतं. तरीही तेच सांगितलं.

सिनेमात वर्गात मॅमथच्या शिकारीचा धडा होतो. एवढं धूड माणसं कळपाने मारायची. शेवटी ती पोरं लाकडांना टोकं काढून तळघरात खासिंतोला घेरतात, तेव्हा जाइमे पुढे असतो. हौदात पडलेल्या खासिंतोला चोरलेलं सोनं खाली ओढतं, आणि सांती मिठी मारतो. अशा गोष्टीत भूत लागतंच, असं मला वाटतं. एरवी त्या मुलाच्या बाजूने साक्ष द्यायला येणार कोण?

ओलीला तिचे वडील सहामाहीनंतर घेऊन गेले. ट्रंकेची एक कडी मी धरली होती. फाटकापर्यंत दोघी काही बोललो नाही.

सिनेमा संपल्यावर आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाली, "तिचं खरं नाव काय गं?"

सांगितलं.