बेळगावहून मालवणचं प्रवाळ बघायला जाताना

बेळगावकरांना मालवण नवं नाही. खानापूर-निपाणीकडचेही कितीतरी जण थंडी पडली की आंबोली उतरतात, किल्ला बघतात, सुरमई खाऊन परततात. आम्ही या वेळी खास पाण्याखालचं प्रवाळ बघायला गेलो. त्याची तयारी वेगळी असते, म्हणून हे लिहितोय.

तारीख तिथी बघून ठरवा. पुनवेला-अमावास्येला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, तळाचा गाळ वर येतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटी कमी, ते बरं. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात सगळं बंद. शिनोळी, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ असा रस्ता. आदल्या दिवशी मुक्कामाला पोचा आणि सकाळची पहिली बोट धरा. दुपारी वारा सुटला की पाणी ढवळतं.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. मास्क लावून तोंड पाण्यात घातलं तेव्हा आधी नुसते राखाडी धोंडेच दिसले. जवळ गेल्यावर धोंड्यावर मधाच्या पोळ्यासारखी बारीक घरं दिसली, प्रत्येक घरात एक जीव. त्याच धोंड्याच्या कडेचा टवका उडाला होता. आतला चुना उघडा पडलेला, त्यावर हिरवं शेवाळ चढत होतं. नांगराचा घाव, असं बोटीवरचे दादा म्हणाले. असं गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. बशीएवढा टवका भरून यायला किती वर्षं लागतील, तुम्हीच बघा.

याच किनाऱ्यावर संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने प्रवाळाचे तुकडे काँक्रीटच्या चौकटींवर लावले गेले आहेत. अशा कामात जिवंत तुकडा चौकटीला घट्ट आवळतात. हलत राहिला तर तो धरत नाही. धरला की प्रवाळ स्वतःच पसरत जाऊन चिकटतं. पण पुढेही शेवाळ घासून काढायला परत परत बुड्या माराव्या लागतात. आणि समुद्र नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसाच राहिला, की प्रवाळ आपल्या अंगात राहणारं, त्याला रंग आणि अन्न देणारं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकून पांढरं पडतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात. तिथे लावलेलं आणि जुनं असा भेद नाही. एप्रिल 2024 मध्ये जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग जाहीर झालं. मला वाटतं, जे उभं आहे ते न मोडणं हेच पहिलं काम, आणि ते आपल्यासारख्या पर्यटकांच्या हातात आहे.

बुकिंग करतानाच विचारा: बोट बोयाला (पाण्यात कायम बांधून ठेवलेल्या तरंगत्या खुणेला) बांधता की नांगर टाकता? बोयाला बांधणाऱ्याला चार पैसे जास्त द्या. मासे जमावेत म्हणून ब्रेड टाकतात, त्याला स्पष्ट नको म्हणा. शेवाळ खाणारे मासे ब्रेडवर पोसले तर शेवाळ खाणार कोण? पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट घालून रिंग धरूनच राहा. दम लागला की माणूस पाय टेकायला खडक शोधतो, आणि तो खडक जिवंत असतो. ‘फातरार पाय ठेवू नकात,’ दादा परत परत सांगत होते. सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. प्रवाळाचा तुकडा, किनाऱ्यावर पडलेला असला तरी, पिशवीत टाकू नका. वन्यजीव कायद्यात त्याला वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत ठेवलंय.

शाळेची सहल नेणार असाल तर हे सगळं पोरांना बेळगावातच, गाडीत बसण्याआधी सांगा. धक्क्यावर पोचल्यावर कुणी ऐकत नाही.