पेडल, पुशरॉड आणि ब्रेक ऑइलचे तीन डबे

सीट कायमची बसल्याशिवाय पेडलला पाना लावायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. कंपनीच्या गाडीत पेडल कुठे असावं हे कुणीतरी आपल्यासाठी ठरवून ठेवलेलं असतं. घरी बांधलेल्या गाडीत ते आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि सीट दोन इंच मागे गेली की आधी केलेलं सगळं फुकट जातं.

माझी गाडी लोटस सेव्हनच्या धर्तीची: पाइपांची चौकट, दोन सीट, छप्पर नाही. मूळ गाडी कॉलिन चॅपमनने १९५७ साली आणली. इंग्लंडात तसल्या गाड्या घरच्या गॅरेजात बांधणाऱ्यांची मोठी जमात आहे, आणि कोव्हेंट्रीजवळ राहायला आल्यावर मीही त्यात सामील झालो. या गाडीचं नाक इतकं सपाट असतं की बॉनेटखाली प्रत्येक सेंटिमीटरसाठी भांडावं लागतं. पायांची जागा त्याहून अरुंद. जाड बूट घालून ब्रेक दाबला तर सोबत ॲक्सिलरेटरही दाबला जातो, म्हणून पेडल लावताना मी गाडी चालवायचे पातळ तळाचे बूटच घालून बसायचो.

आधी ब्रेक लावला. बाकीची दोन पेडलं त्याच्या हिशेबाने बसतात. पायाला मदत करणारा सर्व्हो नाही, त्यामुळे सगळा जोर पायाचा. पेडल ज्यावर फिरतं त्या पिव्हटपासून पॅडपर्यंत २५० मिमी आणि पिव्हटपासून सिलिंडरचा पिस्टन ढकलणाऱ्या पुशरॉडपर्यंत ५० मिमी, म्हणजे पाचपट. पायाने ४० किलोचा जोर दिला की पुढे २०० किलोचा मिळतो, आणि तो बॅलन्स बारमधून, म्हणजे एका आडव्या दांड्यातून, ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या दोन मास्टर सिलिंडरांत वाटला जातो. पुढच्या चाकांसाठी ०.६२५ इंची सिलिंडर, मागच्यांसाठी ०.७ इंची. क्षेत्रफळाचा हिशेब केला की सारख्याच जोराला पुढच्या सर्किटमध्ये साधारण २५ टक्के जास्त दाब तयार होतो. लहान सिलिंडरने जास्त दाब, हे आमच्या शेजाऱ्याला शेवटपर्यंत पटलं नाही. मोठा बसव, असंच तो म्हणत राहिला.

पण लहान सिलिंडरला तेवढंच ऑइल ढकलायला जास्त प्रवास करावा लागतो. त्यातून माझे पुढचे कॅलिपर (चाकाची डिस्क आवळणारे चिमटे) मोठे, म्हणजे पुढचा पुशरॉड मागच्यापेक्षा जास्त आत जातो आणि बार तिरका होतो. म्हणून पेडल सोडलेलं असताना बार उलट्या बाजूला किंचित तिरका ठेवायचा, म्हणजे पूर्ण जोर दिल्यावर तो पेडलला काटकोनात येतो. हे दोन पुशरॉडांच्या आट्यांवर जमवावं लागतं. एकाला अर्धा आटा दिला की दुसऱ्याचं बिघडतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मोकळ्या खेळाने खाल्ला. पेडल पूर्ण सोडल्यावर पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात सुमारे एक मिलिमीटर मोकळीक हवी. सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइलच्या डब्याकडे जाणारं एक बारीक भोक असतं. पिस्टन पूर्ण मागे आला नाही तर ते झाकलेलंच राहतं. मग ब्रेक तापले, ऑइल फुगलं की त्याला परत जायला वाट नसते. पाय काढलेला असताना ब्रेक आपोआप लागत जातात, त्यामुळे आणखी तापतात. पेडल उंच आणि कडक लागावं म्हणून पुशरॉड लांब करायचा मोह होतो, आणि तिथेच गोम आहे. पेडलची उंची पेडलच्या स्टॉपवर ठरवावी. पुशरॉडने ती चोरू नये.

भोक उघडं आहे का हे बघायला मी डब्याचं झाकण काढून टॉर्च धरली आणि बायकोला हाताने पेडल अगदी हळू ढकलायला सांगितलं. भोक उघडं असेल तर पहिल्या किंचित हालचालीला डब्यातल्या ऑइलवर तरंग उठतो, मग थांबतो. तरंग दिसेना तर पुशरॉड आखूड करायचा.

डबे तीन: पुढचे ब्रेक, मागचे ब्रेक, क्लच. सिलिंडर खाली, पेडलांजवळ. डबे वर, बॉनेटखाली. अट एवढीच की डब्यापासून सिलिंडरपर्यंत होज सतत उतरत आला पाहिजे. मध्ये कुठे कमान झाली तर हवा तिथे अडकून बसते. बॉनेट खाली ठेवल्यावर झाकणाला दोन बोटं जागा राहील अशी पट्टी मी आधी पुठ्ठ्यात कापून बघितली, मग ॲल्युमिनियममध्ये. होज पेट्रोलचा चालत नाही. नायट्राइल रबर ब्रेक ऑइलने फुगतं. ईपीडीएम या दुसऱ्या रबराचा घ्यावा. आणि खाली चिंधी व पाण्याची बादली हवी, कारण डॉट ४ (माझ्या ब्रेक ऑइलचा प्रकार) रंगावर सांडलं की रंग सोलून काढतं. पाण्याने लगेच धुतलं तर वाचतो.

डॉट ४ का? कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर किमान १५५. हलक्या गाडीला तेवढं पुष्कळ. पण ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून बाटली एकदा उघडली की उरलेलं मी वापरत नाही.

मग ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढणं. इचलकरंजीला मामाच्या गॅरेजात "दाब... धर... सोड" ऐकत मी मोठा झालो, इथे तोच मंत्र घरात घुमला. फरक एवढाच की बॅलन्स बार असला की पुढचा आणि मागचा निपल (हवा सोडायचा स्क्रू) एकाच वेळी उघडावा लागतो. एकच उघडला तर तिकडचा विरोध संपतो, बार एका टोकाला जाऊन टेकतो आणि त्या सिलिंडरला पूर्ण प्रवास मिळतच नाही. म्हणजे दोन पाने, दोन नळ्या, दोन बाटल्या आणि एक वैतागलेली बायको.

"अरे, किती वेळ धरू? पाय दुखला!"

पेडल दगडासारखं झाल्यावर ॲक्सिलरेटर जुळवला: ब्रेक जोरात दाबलेला असताना दोन्ही पॅड जवळपास एका पातळीत, म्हणजे टाच फिरवून गिअर उतरवताना पाय घसरत नाही. त्याच्या मागे वेगळा स्टॉप दिला, नाहीतर पायाचा सगळा जोर केबलवर येतो. क्लचलाही स्टॉप, गिअरबॉक्सकडच्या स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून.

रस्त्यावर आणण्याआधी इथे अशा एकेका गाडीची आयव्हीए नावाची सरकारी तपासणी असते. डबा न उघडता पातळी दिसली पाहिजे, ऑइलचा प्रकार लिहिलेला हवा. मी झाकणात फ्लोट स्विच घालून डॅशबोर्डवर लाल दिवाही दिला. मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होता कामा नयेत, आणि बॅलन्स बार जुळवल्यावर तो पुन्हा फिरणार नाही असा पक्का करावा लागतो. मी नट जागेवर आणून आरपार भोक पाडलं आणि रोल पिन ठोकली.

बायकोने गाडी चालवली तेव्हा तिला ब्रेक जड वाटला. आणखी लहान सिलिंडर घातला तर जोर कमी लागेल, पण पेडलचा प्रवास वाढेल आणि बार पुन्हा जुळवावा लागेल, असं मी सांगितलं. निपल पुन्हा उघडायचे का, एवढंच तिने विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाली, "मग राहू दे."